मशीहाचे चालू काम



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलाविले, तेव्हा आम्ही कामगारांच्या प्रश्नावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. गेली तीस वर्षे तोच आमचा उद्योग असल्यामुळे ती वावगी नव्हती. परंतु आम्ही विषय निराळा मागून घेतला, आणि चालकांनी तो मोठ्या मनाने दिला. आमच्याजवळ पंडिताचा अधिकार नाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही आठवीत होतो. संपात वडिलांची नोकरी गेली आणि पुढच्या वर्षी आमची शाळा सुटली. त्यानंतरचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील कपाटाने केले आणि रविवारच्या उपासनेने केले. म्हणून आज जे सांगू ते पोथीतले थोडे आणि पदरचे अधिक असेल.

‘मशीहा’ हा हिब्रू शब्द. त्याचा अर्थ अभिषिक्त, म्हणजे ज्याला तेलाचा अभिषेक करून कामावर नेमले आहे असा. ग्रीक भाषेत त्यालाच ‘ख्रिस्त’ म्हणतात. त्याने आपले काम दोन हजार वर्षांपूर्वी क्रुसावर पुरे केले, आता माणसाने विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला की झाले, अशी समजूत ख्रिस्ती माणसांतही पुष्कळ आढळते. शास्त्र मात्र दोन गोष्टी वेगळ्या सांगते. क्षमा मिळते ती एकदाच आणि पुरी मिळते. पण क्षमा मिळालेल्या माणसाला ख्रिस्तासारखा घडविण्याचे काम त्या दिवशी सुरू होते, संपत नाही. त्याला पवित्रीकरण असे नाव आहे. फिलिप्पै येथील मंडळीला पौलाने तुरुंगातून जे पत्र लिहिले, त्यात त्याचा दिलासा हाच आहे की ज्याने काम हाती घेतले तो ते अर्धवट टाकून जाणार नाही.

आमच्या धंद्यातील दाखला द्यायचा तर असा. कामगार वर्गणी भरतो आणि अर्जावर सही करतो, त्या क्षणी तो सभासद होतो. त्याच्या सभासदत्वात काही उणे नसते. पण शेजारच्या खात्यातील माणसाला काढून टाकले असता आपली हजेरी बुडवून फाटकाशी उभा राहील, असा माणूस त्याच्यात तयार व्हायला वर्षे लागतात. पावती एका मिनिटात फाटते, माणूस एका मिनिटात घडत नाही.

तर हे काम चालू आहे की थांबले आहे, हे कशावरून ओळखावे? प्रार्थनेच्या लांबीवरून ते ओळखता येत नाही, असा आमचा अनुभव आहे. आमच्या मते त्याची एक साधी खूण आहे. माणूस कोणाबरोबर जेवायला बसतो, आणि कोणी पाहत असता पान सोडून उठतो की काय, हे पाहावे.

ही खूण आमच्या पदरची नाही. प्रेषितांमध्ये पेत्र अग्रगण्य. यहुद्याने परजातीयाच्या घरी जेवू नये असा त्याच्या समाजाचा दंडक होता. यापो गावी घराच्या धाब्यावर प्रार्थना करीत असता त्याला दृष्टांत झाला, आणि देवाने शुद्ध ठरविलेल्यास अशुद्ध म्हणू नये हे त्याला उमगले. मग तो कैसरियास कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी गेला व तेथे राहिला. आपल्याला वाटेल, झाले, धडा पक्का झाला! पण पुढे अंत्युखिया येथे तोच पेत्र परजातीय बांधवांच्या पंक्तीला बसत असता यरुशलेमेतून काही कडवी मंडळी आली आणि पेत्र हळूच पंक्तीतून बाजूला झाला. त्याचे पाहून बर्णबासारखा भला माणूसही सरकला. पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर सांगितले की हे वागणे सरळ नव्हे. ही हकीकत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात उघड लिहून ठेवली आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पेत्राला ठाऊक नव्हते असे नाही. त्याला भीती वाटली. आणि तो चुकला म्हणून मशीहाने त्याला कामावरून काढले नाही. त्याने एका सहकाऱ्याच्या कठोर शब्दांतून आपले काम पुढे चालविले.

हे दूरदेशीचे झाले. आपल्या महाराष्ट्रात याची साक्ष देणारे एक घर होऊन गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून आपण त्यांना ओळखता. बाप्तिस्म्यानंतर ते 24 वर्षे जगले, आणि त्या 24 वर्षांत ते एका जागी थांबले नाहीत. नव्या धर्माबरोबर परकी राहणीही आली पाहिजे हे त्यांना पटेना. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणाऱ्या या माणसाने ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र बसता यावे अशी त्यांची इच्छा होती. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न-छप्पन्न होते. या वयात आमच्यासारखी माणसे भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मांडीत असतात! 1919 साली टिळक वारले. दरबार मांडून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

लक्ष्मीबाईंची गोष्ट आम्हांस त्याहूनही जवळची वाटते. माहेरचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेला जिन्नस पाण्याने धुऊन घेतल्याशिवाय घरात यायचा नाही. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या दूर राहिल्या. मग पतीजवळ आल्या, पण चूल वेगळी आणि पाणी वेगळे. धर्माच्या बाबतीत टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाशी ही बाई एकटीच झगडली. जेव्हा उत्तर सापडले तेव्हा तिने सोवळे टाकले ते कायमचे. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. म्हणजे टिळकांच्या बाबतीत काम बाप्तिस्म्यानंतर चालू राहिले, तर लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ते बाप्तिस्म्याच्या आधीच स्वयंपाकघरात सुरू झाले होते. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना नवल वाटते ते याचे, की त्यात त्यांनी आपला कोतेपणा कोठेही झाकलेला नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही पुढे त्यांनीच पुरे केले.

आता स्वतःविषयी बोलणे भाग आहे. दुसऱ्यांच्या पंक्तीची चर्चा करून आपले पान झाकून ठेवणे बरे नव्हे.

2009 साली एका कारखान्यात आम्ही पगारवाढीचा करार केला. चौदा महिने वाटाघाटी चालल्या होत्या. सही झाली, गुलाल उडाला, आमच्या गळ्यात हार पडले. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कायम कामगारांना स्वस्तात गरम जेवण मिळे. झाडलोट करणाऱ्या कंत्राटी बाया मात्र मागच्या भिंतीच्या सावलीत बसून घरची भाकरी खात. मिरवणूक फाटकाबाहेर आली तेव्हा त्यांतली एक वयस्कर बाई पुढे झाली आणि म्हणाली, “भाऊ, करारात आमचं नाव कुठल्या पानावर आहे?”

कोठल्याच पानावर नव्हते. वाटाघाटींच्या पहिल्या महिन्यात ती मागणी यादीत होती. व्यवस्थापनाने ती काढायला सांगितली, आमच्या सभासदांनीही तिच्यासाठी ताणू नका असे सुचविले, आणि आम्ही ती आपल्या हाताने खोडली. आम्ही त्या बाईला म्हणालो, “मावशी, पुढच्या वेळी.”

त्याच रविवारी मंडळीत प्रभुभोजन होते. एकच भाकर मोडून सर्वांनी खायची, असा तो विधी. भाकर हातात आली आणि आम्हांस अंत्युखियाची पंगत आठवली. आमचे आजोबा गावकुसाबाहेरचे. ते ख्रिस्ती झाले ते ज्या पंक्तीत आपल्याला कोणी उठवणार नाही अशी पंगत सापडली म्हणून. त्यांच्या नातवाने चार बायांना भिंतीमागे बसविले होते, आणि वर हार घालून घेतले होते! भाकर आम्ही खाल्ली. पण ती घशाखाली उतरायला वेळ लागला.

येथे आम्ही एकदम पालटलो असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. तसे घडले नाही. वर्षभर आम्ही स्वतःचा बचाव करीत राहिलो. युनियनची ताकद, वेळ, कायदा, सगळी कारणे तयार होती आणि त्यांतली काही खरीही होती. कोणतेही कारण त्या प्रश्नाला पुरे पडेना, एवढेच. 2012 च्या करारात ती मागणी आम्ही पहिल्या क्रमांकावर घातली. कॅन्टीन मिळाले, पगारातील अंतर राहिले. काही सभासद चिडले आणि पुढच्या निवडणुकीत आम्ही सरचिटणीसपदावरून पडलो. ज्या बाईने विचारले होते ती तोवर काम सोडून गेली होती. “पुढच्या वेळी” हे शब्द आम्ही तिच्यापुरते खरे करू शकलो नाही.

आमचे डावे मित्र विचारतात, “हे करायला ख्रिस्त कशाला हवा? वर्गाची जाणीव पुरेशी नाही का?” आम्ही त्यांच्याशी भांडत नाही. त्यांच्यातील कित्येकांनी आमच्या आधी त्या बायांची बाजू घेतली होती. आम्ही इतकेच म्हणतो की जाणीव आमच्याजवळही होती, भाषणे आम्हीही करीत होतो. जो आम्हांला आमच्याच भाषणातून सुटू देईना, तो कोणी दुसरा होता. आम्ही त्याला मशीहा म्हणतो.

दुसरा आक्षेप आमच्या मंडळीतलाच आहे, आणि तो अधिक बोचतो. आमच्यातही लग्न जमविताना “मूळचे कोण?” असे कुजबुजत विचारतात. मग हे काम चालू आहे ते कोठे? यावर आमचे उत्तर असे, की ते चालू आहे म्हणूनच हा प्रश्न आपल्याला टोचतो. ज्या दिवशी तो टोचेनासा होईल त्या दिवशी काळजी करावी.

आपणांपैकी बहुतेकांचा हा धर्म नव्हे, आणि आपण तो घ्यावा म्हणून आम्ही येथे उभे नाही. आपापल्या देवाला स्मरून आज रात्री घरी जेवायला बसाल तेव्हा भिंतीमागे कोण बसले आहे एवढे पाहा, ही विनंती. आम्हीही रोज पाहतो. अजून तेथे कोणीतरी असतेच.