संध्यासमयीचे आयनांबर
(कोरमंगला, बंगळूर येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेले भाषण)



मी मराठीचा अभ्यासक आहे, भौतिकीचा नव्हे. म्हणून एका शब्दापासूनच आरंभ करतो. आयनांबराच्या रडार-निरीक्षणांविषयीच्या लेखनात ‘इर्रेग्युलॅरिटी’ हा शब्द पदोपदी येतो. पहिल्या खर्ड्यात मी त्यासाठी ‘अनियमितता’ असे लिहिले होते. पुढे ध्यानात आले की, या शब्दाने वाचक भलत्याच वाटेला लागेल. तेथे कोणताही नियम मोडलेला नसतो. केवळ घनता सर्वत्र सारखी राहत नाही. तेव्हा मी ‘घनता-विषमता’ हा शब्द पत्करला.

ही विषमता निर्माण कशी होते? भूपृष्ठापासून सुमारे 60 किमी. उंचीच्या वर सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे हवेतील अणुरेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. हेच आयनांबर. सूर्यास्तानंतर त्याच्या खालच्या भागातील इलेक्ट्रॉन व आयन झपाट्याने पुन्हा एकत्र येतात. वरचा ‘एफ’ थर मात्र टिकून राहतो. चुंबकीय विषुववृत्तानजीक त्याच सुमारास पूर्वाभिमुख विद्युत् क्षेत्र प्रबळ होऊन हा थर आणखी वर उचलला जातो. मग तेलावर पाणी ओतावे तशी स्थिती होते. जड ते वर, हलके ते खाली. ही रचना टिकत नाही. विरळ भागाचे बुडबुडे दाट भाग भेदून वर चढतात, कधी 1,000 किमी.च्याही पलीकडे जातात.

पेरू देशातील नोंदींमध्ये प्रतिध्वनींच्या रेषा रात्री पसरट होतात, हे बुकर व वेल्स यांनी 1938 साली नमूद केले. त्याच देशातील हिकामार्का येथील रडारच्या साहाय्याने वुडमन व ला होझ यांनी 1976 साली या बुडबुड्यांचे वर झेपावणारे पिसारे दाखविले. आपल्या शेजारी, याच कोरमंगलात, भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. तिच्या कोडाइकॅनल वेधशाळेतही, चुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे, आयनांबराचा अभ्यास दीर्घकाळ झाला. तिरुपतीजवळील गादंकी येथे 53 मेगॅहर्ट्‌झचे, 1,024 अँटेनांचे रडार उभे आहे.

आता रडारची मर्यादा पाहू. 53 मेगॅहर्ट्‌झ लहरीची लांबी सुमारे 5.7 मीटर असते, आणि तिच्या निम्म्या, म्हणजे सुमारे 2.8 मीटर, अंतराच्या लाटांकडूनच ठळक प्रतिध्वनी परत येतो. या विषमता चुंबकीय बलरेषांच्या दिशेने लांबलेल्या असतात. म्हणून झोतही त्या रेषांना काटकोनात लावावा लागतो. रडारला बुडबुडा नव्हे, त्याच्या पोटातील बारीक तरंग दिसतात. रात्र सरत जाते तसे हे बारीक तरंग आधी विरतात. मोठा बुडबुडा मागे उरतो. रडार मुके होते, पण आकाश निवळलेले नसते! भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापूर येथून रात्रीच्या आकाशातील 630 नॅनोमीटरच्या तांबड्या उजेडाची छायाचित्रे घेतली; त्यांत हेच बुडबुडे काळ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसतात.

यात केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. उपग्रहांकडून येणाऱ्या दिक्‌चालनाच्या संदेशांना या पोकळ्यांच्या कडांवरील काही शे मीटर आकाराच्या विषमता लुकलुकवितात. ग्राहकयंत्राची पकड सुटू शकते. विमान असो वा मासेमारीचे गलबत, दोघांनाही आपले स्थान अचूक कळणे अगत्याचे. सूर्यावरील डाग वाढलेल्या वर्षी, विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत हा उपद्रव भारतावर अधिक होतो. मात्र अमुक एका संध्याकाळी बुडबुडा उठेल की नाही, हे आधी खात्रीने सांगणे अद्यापि कठीण आहे.

म्हणून अनुवादकाने एक पथ्य पाळावे. ‘रडारला काही दिसले नाही’ या वाक्याचे ‘तेथे काही नव्हते’ असे भाषांतर करू नये. मूळ वाक्याइतकाच अर्थ सांगावा. जास्त नाही, उणाही नाही. शास्त्रज्ञाने जो संयम रात्रभर जागून राखला, तो आपण एका शब्दाच्या सोयीसाठी गमावू नये.