जटायू आणि वानरसेना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा सीतामाईच्या मदतीला धावलेल्या दोघांविषयीच बोलते. एक जटायू, म्हणजे गिधाड. दुसरी मारुतीरायाची वानरसेना. आज दोघांचाही वंश संकटात आहे, आणि नवल असे की त्यात आपल्या दयेचाही हात आहे.

प्रथम गिधाडाचे पाहू. गावाबाहेर टाकलेले ढोर गिधाडे पाहता पाहता साफ करीत. रोगराईला जागाच राहत नसे. मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी बांधवांचा अंत्यविधीही त्यांच्यावरच अवलंबून होता. परंतु १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांतून एखादेच उरले. २००४ साली कारण उघड झाले. दुखणाईत गाईबैलांना आराम पडावा म्हणून डायक्लोफेनॅक देत. जनावर दगावले की ते मांसावाटे गिधाडाच्या पोटात जाई व त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पण मादी वर्षाला एकच अंडे घालते. गेलेला वंश लवकर कसा भरून यावा?

आता माकड. राष्ट्रीय उद्यान आपल्या कांदिवलीच्या पूर्वेला लागूनच आहे. डोक्यावर केसांची टोपी असलेले आपले नेहमीचे माकड भारताच्या दक्षिण भागाखेरीज जगात कोठेच नाही. तेही आता संकटातील प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे. रस्त्याकडेचे वड तुटले, उत्तरेकडील दुसऱ्या जातीची माकडे त्याच्या मुलखात शिरली. त्यात आपण शनिवारी रस्त्यावर चणे-केळी टाकतो. माकड रान सोडून तेथे येते व गाडीखाली सापडते. नाहीतर ओट्यावरची पोळी पळवते. मग सकाळचा मारुती संध्याकाळी चोर ठरतो, आणि पिंजरा लागतो.

गिधाडाला कोणी अंगणात बोलावले नाही, म्हणून ते गेल्याचे फार उशिरा कळले. माकड रोज दिसते, म्हणून ते घटते आहे हे कोणाला पटत नाही.

भगिनींनो, ज्यांच्या माहेरी-सासरी गुरे आहेत त्यांनी ढोरांच्या डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगावे. ते गिधाडांना बाधत नाही. शनिवारचे चणे देवळात मुलांना वाटावेत, रानाच्या कडेला टाकू नयेत. दया करावीच, पण तिचे पुढे काय होते हेही पाहावे.