बुबुळावरचं भिंग

(गेल्या गणेशोत्सवात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. स्मरणिका समितीने मागितला म्हणून वहीतल्या टिपणांवरून पुन्हा लिहून काढला आहे. बोलण्याच्या ओघातली वाक्यं तशीच ठेवली आहेत.)



दरवर्षी या व्याख्यानाला आपण बाहेरचा वक्ता बोलावतो. यंदा रौप्यमहोत्सव, म्हणून घरचाच माणूस हवा असं ठरलं आणि गळ माझ्या गळ्यात अडकला. मी निवृत्त शिक्षक, विज्ञान शिकवलं. डॉक्टर नाही. पण कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल बोलायचा अधिकार मला आहे, कारण 1979 पासून मी ती डोळ्यांत घालतोय. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक आहे. 2003 साली सी विंगच्या जिन्यात, वीज गेलेली असताना, माझी लेन्स पडली होती. अर्धी सोसायटी टॉर्च घेऊन पायऱ्यांवर ओणवी झाली होती. "कुणी पाऊल उचलू नका!" असं मी ओरडत होतो. शेवटी ती पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या दुधाच्या पिशवीला चिकटलेली सापडली. शोधणारा मुलगा तेव्हा दुसरीत होता. आता तो जर्मनीत इंजिनियर आहे.

मला सतराव्या वर्षी केरॅटोकोनस नावाचा आजार झाला. आपल्या बुबुळावर समोर जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो तो कॉर्निया. तो चेंडूसारखा गोल असावा लागतो. माझा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत गेला. दर सहा महिन्यांनी नंबर बदलायचा. नवा चष्मा लावला तरी अक्षरांना सावल्या. वडील म्हणायचे, पुस्तकात डोकं खुपसून बसतो म्हणून. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये म्हणतात. मला तर एकदम पाच-सहा चंद्र दिसायचे, म्हणजे आळ किती आला असेल बघा!

आता चष्म्याने हे का सुटत नाही ते समजून घेऊ. डोळ्यात प्रकाश वळवायचं काम आतलं भिंग करतं असं आपण शाळेत पाठ करतो. मीही वर्षानुवर्षं तसंच शिकवलं, माफ करा. खरं म्हणजे सुमारे 60 डायॉप्टरपैकी 43 च्या आसपास काम कॉर्निया करतो. आतल्या भिंगाकडे उरलेलं, आणि जवळचं-लांबचं जुळवून घेणं. डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर. तो एक मिलिमीटरने जरी लांब झाला तरी प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते आणि उणे अडीच-तीनचा नंबर लागतो. मग आपण समोर उणे भिंग धरतो, किरण थोडे फाकवतो, की प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर पडते. चष्मा हे काम डोळ्यापासून 12 मिलिमीटरवरून करतो, लेन्स डोळ्यालाच टेकून करते. म्हणून दोन्हींचा नंबर सारखा नसतो. चष्मा उणे 10 असेल तर लेन्स साधारण उणे 9 ची लागते. शिवाय जाड उण्या चष्म्यातून जग लहान दिसतं, लेन्समधून जवळजवळ मूळ आकारात. चष्मा नाकावर असतो आणि डोळा त्याच्या मागे फिरतो, कडेने पाहिलं की वाकडं दिसतं. लेन्स डोळ्याबरोबरच फिरते.

पण माझ्यासारख्याचा कॉर्नियाच उंचसखल. त्याला चष्म्याचं भिंग काय करणार? इथे कडक लेन्सची गंमत आहे. बाथरूमच्या खिडकीची घासलेली काच आठवा. तिच्यातून काही दिसत नाही. तिच्या खरखरीत बाजूला पाणी लावून वर साधी काच चिकटवा, आरपार दिसायला लागतं. पाण्याने खड्डे भरले. कडक लेन्सखाली तेच काम अश्रू करतात. अश्रू आणि कॉर्निया यांच्यात प्रकाश वळण्याचं प्रमाण इतकं जवळचं आहे की मधला उंचसखलपणा प्रकाशाला जवळजवळ जाणवतच नाही. मऊ लेन्स मात्र ओल्या रुमालासारखी कॉर्नियाचाच आकार घेते, म्हणून साध्या मऊ लेन्सचा मला उपयोग झाला नाही.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडच्या थॉमस यंगने 1801 च्या सुमारास पाणी भरलेली भिंगाची नळी डोळ्याला लावून प्रयोग केले होते. पण डोळ्यात घालून बसता येईल असं भिंग बनवलं ते झुरिचमध्ये काम करणाऱ्या आडोल्फ फिक या जर्मन डॉक्टरने, 1888 साली. काचेचं, पांढऱ्या बुबुळावर टेकणारं, खाली द्राक्षसाखरेचं पाणी भरलेलं. आधी सशाच्या डोळ्यात, मग स्वतःच्या, मग रुग्णांच्या. एक-दोन तासांच्या पलीकडे कुणाला सहन होईना. पुढच्याच वर्षी कीलच्या ऑगस्ट म्युलर नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या उणे 14 नंबरसाठी काचेची लेन्स केली. ती घालायला डोळ्यात कोकेन टाकून बधिर करावं लागे आणि तरी अर्ध्या तासात काढावी लागे. म्युलरबद्दल मला आपुलकी आहे. नंबरवाल्या माणसाची घाई नंबरवाल्यालाच कळते.

अडचण नुसत्या टोचण्याची नव्हती. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, असत्या तर तो पारदर्शक राहिला नसता. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंत विरघळून. काचेने झाकला की तो गुदमरतो, सुजतो, धुरकट होतो. पुढे काचेऐवजी प्लास्टिक आलं, आणि 1948 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या केव्हिन टुओहीने फक्त कॉर्नियावर बसणारी छोटी लेन्स केली. असं सांगतात की मोठी लेन्स लेथवर घासताना तिची कडा तुटली आणि उरलेला मधला तुकडा त्याने स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिला. तशीच लेन्स मला 1979 मध्ये मुंबईत मिळाली. किंमत वडिलांच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. पहिले पंधरा दिवस डोळ्यात वाळूचा कण गेल्यासारखं व्हायचं. पण दवाखान्यातून खाली उतरलो आणि समोरून येणाऱ्या बसची पाटी वाचली. घरी आलो तर आईच्या चेहऱ्यावर सुरकुत्या! त्या कधी आल्या, मला कळलंच नव्हतं. संध्याकाळ झाली की मात्र दिव्यांभोवती इंद्रधनुष्याची कडी दिसायची. ते प्लास्टिकही प्राणवायू अडवणारंच होतं. पुढे वायू आरपार जाऊ देणाऱ्या लेन्स आल्या, ज्यांना आपल्याकडे सेमी-सॉफ्ट म्हणतात.

आता मऊ लेन्सची गोष्ट. ती मला सर्वांत आवडते म्हणून जरा सावकाश सांगतो. प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टरले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लीम यांनी पाणी शोषून मऊ होणारं एक प्लास्टिक शोधलं होतं. त्याची लेन्स करायची तर कडा फाटायच्या. त्यातच 1958 मध्ये राजकीय कारणांनी विख्टरल्यांना महाविद्यालयातून काढलं, आणि पुढे सरकारने लेन्सच्या प्रयोगांनाही नकार दिला. मग 1961 च्या नाताळात या गृहस्थांनी घरच्या टेबलावर मुलांच्या मेर्कूर या खेळण्याच्या पट्ट्या-स्क्रू घेतले, आपल्याकडच्या मेकॅनोसारखं खेळणं ते. त्याला सायकलचा डायनॅमो मोटर म्हणून जोडला, घंटीचा ट्रान्सफॉर्मर लावला आणि गरगर फिरणारे साचे केले. चहाच्या कपात चमचा जोरात फिरवला की मध्ये खळगा पडतो ना? फिरत्या साच्यात द्रव रसायनाला तसाच गुळगुळीत खळगा पडतो आणि त्याच आकारात ते घट्ट होतं. वेग बदला, नंबर बदला. पहिल्या दिवशी चार लेन्स निघाल्या. पुढच्या काही महिन्यांत नवरा-बायकोने मिळून घरीच हजारो केल्या. हक्क अमेरिकेत विकले गेले, 1971 मध्ये तिथे मऊ लेन्सला सरकारी मान्यता मिळाली आणि जगभर धंदा उभा राहिला. विख्टरल्यांच्या हातात त्यातलं फारच थोडं आलं. आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचं कपाट किल्लीअभावी कायम बंद असायचं, त्याची मला ही गोष्ट सांगताना दरवेळी आठवण होते.

एवढं सगळं माहीत असणाऱ्या माणसाने पुढे काय केलं ते ऐका.

2009 चा पावसाळा. पंप जळाला होता, दोन दिवस टँकर चालू होते, आठवत असेल. माझं लेन्सचं सोल्यूशन संपलं होतं. बाहेर पाऊस, दुकान लांब. मी लेन्स नळाखाली धुतली आणि डाव्या डोळ्यात घातली. एकदा नाही, चार-पाच दिवस तसंच केलं. आपल्या टाकीला दोष देऊ नका, टाकी त्याच महिन्यात साफ झाली होती. स्वच्छ पिण्याच्या पाण्यातसुद्धा अकँथअमीबा नावाचा एक जीव असू शकतो. पोटात गेला तर सहसा काही करत नाही. लेन्सखाली अडकला तर कॉर्निया खातो.

दुखणं असं की दिव्याकडे बघवेना. पहिल्या ठिकाणी विषाणूचा संसर्ग समजून तीन आठवडे औषध चाललं. दुसऱ्या ठिकाणी खरवडून तपासलं तेव्हा कळलं. मग दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. ही गजर लावून उठायची आणि झोपेतच माझी पापणी वर करायची. सात महिने. डोळा वाचला, पण मध्ये पांढरा डाग राहिला. 2011 मध्ये नेत्रदानातून आलेला कॉर्निया तिथे बसवला. कुणाचा, ते मला ठाऊक नाही. त्या कॉर्नियावरही आज सेमी-सॉफ्ट लेन्सच आहे, कारण टाक्यांमुळे तोही थोडा उंचसखल आहे.

म्हणून तरुण मंडळींना स्पष्ट सांगतो. तुमच्या आताच्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स पुष्कळ प्राणवायू जाऊ देतात, मान्य. तरी झोपताना काढा. मिटलेल्या पापणीखाली आधीच प्राणवायू कमी असतो. लेन्सला पाणी लागू द्यायचं नाही, नळाचं नाही, बिसलेरीचंही नाही. पोहताना, शॉवरखाली लेन्स नको. डबीतलं जुनं सोल्यूशन ओतून टाका, त्यातच नवं भरू नका. डोळा लाल झाला, दुखला, की आधी लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेन्स लावतो हे त्यांना न विचारता सांगा. मी पहिल्या ठिकाणी ते सांगितलं होतं, पाण्याचं मात्र लाजेने सांगितलं नव्हतं.

ए विंगच्या आजींनी चिठ्ठी पाठवली आहे: लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन मेंदूत शिरते का? नाही आजी. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा पापणीच्या आत दुमडून बंद झालेली असते. लेन्स फार तर वरच्या पापणीखाली लपते.

(व्याख्यान संपल्यावर डी विंगमधली एक कॉलेजची मुलगी तिची लेन्सची डबी घेऊन आली. आत कडेला पांढरट थर. किती दिवसांची, विचारलं तर म्हणाली, "काका, बारावीपासूनची." ती आता शेवटच्या वर्षाला आहे. डबी टाकायची ठरली, तेवढ्यात तिने विचारलं, ओल्या कचऱ्यात की सुक्या? सेक्रेटरीसाहेब खुर्च्या उचलता उचलता म्हणाले, "सुक्या. आणि उद्या सकाळी आठच्या आत खाली.")