चाक मोडलं तर जाब कोणाला विचारायचा?

मंडळी, आज आम्ही तुम्हाला एका चाकाची गोष्ट सांगणार आहोत.

बैलगाडीचं चाक गावचा सुतार करतो. आरा मोडला तर आपण तडक त्याच्या दारात जातो. म्हणतो, "दादा, लाकूड कसलं घातलंस?" त्याला उत्तर द्यावंच लागतं. पण मोटार दूरच्या कारखान्यात तयार होते. आपण ती दुकानदाराकडून घेतो. मग तिचं चाक मोडलं तर काय करायचं?

हा प्रश्न अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला. न्यूयॉर्क राज्यात मॅक्फर्सन नावाचा एक माणूस होता. त्याने १९१० साली ब्यूइक कंपनीची मोटार एका दुकानदाराकडून घेतली. त्या काळी मोटारीच्या चाकालाही लाकडी आरे असत. पुढच्याच साली चालत्या मोटारीच्या एका चाकाचे आरे मोडले. पार तुकडे झाले. मोटार कोलमडली. मॅक्फर्सन बाहेर फेकला गेला. त्याला जबर मार लागला.

त्याने कंपनीवर दावा लावला. कंपनीचं म्हणणं काय? मोटार आम्ही दुकानदाराला विकली, तुला नाही. चाकही आमचं नाही, दुसऱ्या कारखान्याकडून घेतलेलं. म्हणजे ज्याला मार लागला, त्याने जायचं कुठे?

१९१६ साली न्यूयॉर्कच्या वरच्या न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी तो लिहिला. त्याचा अर्थ असा: मोटार दुकानदार वापरणार नाही, गिऱ्हाईक वापरणार, हे कंपनीला ठाऊक होतं. चाक नीट तपासलं असतं तर लाकडाची खोट कळली असती. कंपनीने ते तपासलं नाही. म्हणून जबाबदार कंपनीच.

आपल्या देशातही आता कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, सदोष वस्तूमुळे इजा झाली तर ती वस्तू करणाऱ्याकडे भरपाई मागता येते. त्याच साली मोटार वाहन कायदाही सुधारला. गाडीतला दोष धोक्याचा असला आणि पुरेशा मालकांनी तो सरकारला कळवला, तर सरकार कंपनीला त्या गाड्या परत घ्यायला लावू शकतं. म्हणून एकट्याने कुरकुरत बसू नये. तशीच गाडी असलेल्यांना विचारावं. सगळ्यांनी मिळून लेखी कळवावं.

मंडळी, तीन गोष्टी ध्यानात धरा. पावती जपून ठेवा. मोडलेला भाग भंगारात देऊ नका, तोच पुरावा आहे. आणि उशीर करू नका. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वकील दिलाच पाहिजे असं नाही. सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर फोन करा.

आता तुम्हाला अक्षर येतं. गाडी घ्याल तेव्हा कागद आधी वाचा, मग सही करा.