आडमार्गाची विमानसेवा आणि तिचे कामगार

(करोल बाग, दिल्ली येथे मराठी कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बीडनपुरा, रैगरपुरा भागात सोने गाळण्याचे काम करणारे विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई बांधव आज मोठ्या संख्येने आले आहेत. विमानाच्या गोष्टी आपल्याला कशाला, असे त्यांतल्या काहींना वाटत असेल. पण गावाकडे कोणी अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस पकडली, तर मिरजेला उतरेपर्यंत दुसरी रात्र होते. अशा वेळी घराजवळ उतरणारे विमान ही चैन राहत नाही. आणि त्या विमानात सामान चढवणारे, खिडकीवर तिकीट तपासणारे आम्ही लोक तुमच्यासारखेच पोटासाठी दिल्लीत आलेले आहोत.

छोट्या गावांना विमानाने जोडण्याची कल्पना काही आजची नाही. २० जानेवारी १९८१ रोजी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून वायुदूत ही कंपनी स्थापन केली. हेतू ईशान्येकडील दुर्गम भागाच्या सोयीचा होता. पुढे ती देशभर पसरली. कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलेली डॉर्नियर विमाने तिच्याकडे होती. म्हणजे विमान बांधणारा कामगारही आपलाच. १९८८ मध्ये वायुदूतने लक्षद्वीपचे अगत्ती बेट कोचीशी जोडले. ठिकाणे भराभर वाढली, तोटाही वाढला आणि १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. तोट्याचा हिशेब सगळ्यांनी मांडला. बेटावरच्या माणसाचे काय वाचले, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

अगत्तीचेच पाहा. कोचीहून जहाजाने लक्षद्वीप गाठायला चौदा ते अठरा तास लागतात, विमानाने दीड तास. धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची. त्यामुळे एटीआरसारखे पंख्याचे विमानही तिथे पूर्ण भरून नेता येतेच असे नाही. वारा, उष्णता आणि इंधन पाहून वजन ठरवावे लागते. कधी सामान मागे राहते, कधी माणूसही. सिमल्यालाही हीच अडचण आहे. प्रवाशाचा संताप साहजिक असतो, पण तो ऐकून घेतो खिडकीवरचा कामगार. छोट्या विमानतळावर तोच माणूस सकाळी तिकीट तपासतो, मग बॅगांना चिठ्ठ्या लावतो, मग दारावर उभा राहतो. वजनाच्या कागदात चूक झाली तर सारे विमान धोक्यात येते. अशा कामावर अकरा-अकरा महिन्यांचे कंत्राट! हे आम्हाला कधीच पटलेले नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने उडान योजना जाहीर केली. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांवर अडीच हजार रुपयांची मर्यादा, कंपनीची तूट तीन वर्षे भरून द्यायची आणि त्यासाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवायचा, अशी ही व्यवस्था होती. २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या पहिल्या मार्गांत सिमला–दिल्लीबरोबर आपले नांदेड–हैदराबादही होते. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई–जळगाव सुरू झाले. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गला चिपीवर पहिले विमान उतरले, तेव्हा कोकणात केवढा आनंद झाला होता!

कल्पना चांगली आहे, आम्ही तिच्या विरोधात नाही. विरोध आहे तो अर्धवटपणाला. महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल सांगतो की, तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. तीन वर्षांची मुदत पूर्ण केली ती फक्त ११२ मार्गांनी, आणि मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकले केवळ ५४. जळगावला विमान नेणाऱ्या एअर डेक्कनने एप्रिल २०२० मध्ये कामकाज थांबवले आणि कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवले. नांदेडला जाणाऱ्या ट्रूजेटची विमाने फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. कंपनीची तूट भरून देण्याची तरतूद करारात होती. मग कामगाराच्या पगाराची का नव्हती?

आमच्यातल्या एका गटाने हे भोगले आहे. कंत्राटदाराचे नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे. मार्ग बंद झाला त्या दिवशी आमची ओळखपत्रे काढून घेतली. दोन महिन्यांचा पगार राहिला आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात भरणाच नव्हता. कंत्राटदार म्हणाला कंपनीकडे जा, कंपनी म्हणाली कंत्राटदाराकडे जा. आमच्यातला एक परभणीचा पोरगा तेव्हापासून इथेच अजमल खान रोडवर दुकानात कपड्यांच्या घड्या घालतो. विमानाच्या वजनाचा तक्ता त्याला अजून तोंडपाठ आहे.

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे गेली, पण अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. ही सरकारी प्रादेशिक कंपनी हातात असताना बेटांचे आणि डोंगराळ भागांचे मार्ग तीन वर्षांच्या मुदतीवर सोडण्याचे कारण नाही. एसटी ज्या खेड्यात तोट्यात जाते तिथेही जाते, तोच न्याय इथे लावावा. ज्या मार्गाला सरकारी पैसा मिळतो, त्याच्या करारातच किमान वेतन, निधीचा भरणा आणि मार्ग बंद झाल्यास निदान तीन महिन्यांचा पगार लिहिलेला असावा. मार्ग दुसऱ्या कंपनीकडे गेला, तर त्या ठाण्यावरच्या जुन्या कामगारांना आधी घ्यावे आणि त्यांची सेवाज्येष्ठता धरावी.

यासाठी कागद लागतील. तुमचा भाऊ, भाचा, शेजारी नांदेड, जळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग, कुठल्याही छोट्या विमानतळावर कामाला असेल किंवा होता, तर त्याचे नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि निधीचा क्रमांक आमच्याकडे द्या. नेमणूकपत्र मिळालेच नसेल, तर ओळखपत्राची नक्कलही चालेल. बाहेर दाराशी टेबल मांडले आहे. तिथे नावे नोंदवून घेत आहोत.