कोरेगावचा स्तंभ कोणाचा?

(हिंगोली जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे 'स्मारके आणि समाजवादी दृष्टी' असा भारदस्त विषय छापलेला आहे. परंतु तुमच्याकडून जे लेखी प्रश्न आले, त्यांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत चार-पाच जणांनी विचारलेला आढळला, आणि तो छापील विषयापेक्षा अधिक जिवंत आहे. १ जानेवारीला वसमत, कळमनुरी, सेनगावकडच्या गावांतून कोरेगाव भीमाला गाड्या निघतात. त्या गाडीत आपल्या कार्यकर्त्याने बसावे की बसू नये? तो स्तंभ इंग्रजांनी उभारला. साम्राज्यशाहीच्या विजयस्तंभापुढे समाजवाद्याने मान कशी लववावी? या प्रश्नाचेच उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे. त्यासाठी तुम्हाला थोडे लांब, म्हणजे थेट रोमपर्यंत न्यावे लागेल.

रोमपर्यंत का, ते आधी सांगतो. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे तीस किलोमीटरवर, भीमेच्या काठी पेरणे गावाच्या हद्दीत हा स्तंभ आहे. चौकोनी जोत्यावर वर निमुळता होत गेलेला घडीव दगडाचा चौकोनी खांब. हा आकार आपल्या मातीतला नव्हे. आपल्याकडे रणात पडलेल्यासाठी वीरगळ उभा करीत. देवळापुढे दीपमाळ असे. हा आकार मूळचा मिसर देशातला, सूर्यदेवाला वाहिलेला. ऑगस्टसने इसवी सनापूर्वी ३० मध्ये मिसर जिंकला आणि वीस वर्षांनी तिथले दोन असे अजस्र स्तंभ रोमला आणून उभे केले. मिसर आता रोमन जनतेच्या सत्तेखाली आला आहे, हे त्यांच्या पायथ्यावर कोरून घेतले. दुसऱ्याच्या देवाचा दगड जेत्याची लूट झाला, आणि तेव्हापासून साम्राज्यांना हा आकार प्रिय होत गेला. २६ मार्च १८२१ रोजी कंपनी सरकारने पेरण्याला पायाभरणी केली तेव्हा ही परंपरा अठराशे वर्षांहून अधिक जुनी झाली होती. स्तंभावरील इंग्रजी लेखात कोरेगावचा हा प्रसंग ब्रिटिश सैन्याच्या पूर्वेकडील अत्यंत अभिमानास्पद विजयांपैकी एक म्हणून नोंदला आहे. तेथे 'विजय' या अर्थी जो 'ट्रायम्फ' शब्द आहे तोही रोमचाच. रोममध्ये त्याचा अर्थ केवळ जिंकणे असा नव्हता. जिंकलेल्या सेनापतीची राजधानीतून निघणारी मिरवणूक म्हणजे 'ट्रायम्फ': पुढे लुटीचे गाडे, मग साखळदंडातले कैदी, मग रथात सेनापती आणि मागून त्याचे सैनिक. ती मिरवणूक एका दिवसात संपून जाई. ती कायमची टिकावी म्हणून कमानी आणि स्तंभ उभारीत.

अशा एका कमानीची हकिकत ऐकण्यासारखी आहे. इसवी सन ७० मध्ये टायटसने जेरुसलेम उद्ध्वस्त केले. तो वारल्यानंतर, सन ८१ च्या सुमारास, त्याच्या नावाची कमान रोममध्ये उभी राहिली. तिच्या आतल्या भिंतीवर मिरवणूक कोरली आहे: ज्यूंच्या मंदिरातली सात फाट्यांची दीपशाखा रोमन शिपाई खांद्यावर वाहून नेत आहेत. रोममध्ये राहणाऱ्या ज्यूंनी या कमानीखालून जायचे नाही, अशी रूढी पाळली. वाट वाकडी करून जात, पण खालून जात नसत. शेवटी १९४७ च्या डिसेंबरात, संयुक्त राष्ट्रांचा ठराव झाल्यावर, रोमचे ज्यू त्याच कमानीपाशी जमले. १९४९ मध्ये त्या नव्या राज्याने आपले राजचिन्ह निवडले ते कमानीवरच्या दीपशाखेवरून. त्या राज्याने पॅलेस्टिनी जनतेचे पुढे काय केले हा निराळा आणि कडू विषय आहे. आज तो काढीत नाही. लक्षात घेण्याची गोष्ट इतकीच की दगड तोच राहिला, पण त्याच्यापुढे उभा राहणारा बदलला तेव्हा त्याचा अर्थ फिरला.

दुसरे उदाहरण आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. सम्राट ट्राजनने डेशिया, म्हणजे आजचा रुमानिया, दोन युद्धांत जिंकला आणि सन ११३ मध्ये रोममध्ये संगमरवरी स्तंभ उभारला. त्याच्याभोवती वेटोळे घेत वर गेलेला सुमारे १९० मीटर लांबीचा शिल्पपट्टा आहे. त्यावर अडीच हजारांवर आकृती आहेत. अभ्यासकांनी तो पट्टा वाचला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. रोमचे नागरिक असलेले शिपाई त्यात बहुतेक ठिकाणी रस्ते करताना, पूल बांधताना, तळ उभारताना दिसतात. लढाईत पुढे दिसतात ते सहायक पलटणींचे लोक, म्हणजे जिंकलेल्या प्रांतांतून भरती केलेले आणि नागरिकत्व नसलेले. जेत्याच्या वतीने मरण्याचे काम जितांकडे होते. तथापि रोमने त्यांच्याशी एक करार केला होता. पंचवीस वर्षे चाकरी केली की त्या शिपायाला रोमचे नागरिकत्व मिळे आणि त्याची सनद काशाच्या पत्र्यावर कोरून दिली जाई. असे पत्रे युरोपभर जमिनीतून निघाले आहेत. साम्राज्य क्रूर होते, पण या बाबतीत ते हिशेबाला पक्के होते.

मात्र त्या अडीच हजार आकृतींपैकी एकाही साध्या शिपायाचे नाव स्तंभावर नाही. लेख आहे तो सम्राटाचा. रोमपासून दूर, रुमानियात अदमक्लिसी येथे पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली एक वेदी होती, तिच्यावर सुमारे ३,८०० नावे होती असा अंदाज आहे. पण राजधानीत, जिथे दुनिया पाहायला येते तिथे, शिपायाला चेहरा आहे आणि नाव नाही.

आता कोरेगावला येऊ. येथे प्रथम हकिकत नीट सांगितली पाहिजे, कारण तिच्याभोवती दोन्ही बाजूंनी बरीच धूळ उडाली आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले. दुसरा बाजीराव फौजेसह फिरत होता. ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून पुण्याच्या मदतीला निघाला. त्याच्याबरोबर मुंबईच्या पायदळाचे सुमारे पाचशे शिपाई, अडीच-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा आणि त्यांवरचे मद्रासी तोफखान्याचे गोलंदाज होते. सकाळी भीमेकाठी समोर पेशव्यांची फौज दिसली, ती अठ्ठावीस हजारांच्या घरात होती. प्रत्यक्ष गावावर चालून गेले ते तिच्यातले दोनेक हजार, त्यांत अरब आणि गोसावी पुष्कळ. दिवसभर घरांच्या भिंतींआडून, अन्नपाण्यावाचून झुंज चालली. स्टॉन्टनच्या ८३४ माणसांपैकी २७५ मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. रात्री हल्ले थांबले. जनरल स्मिथची फौज येत असल्याची खबर होती. बाजीराव निघून गेला आणि स्टॉन्टनही शिरूरला परतला. पेशवाई त्या दिवशी बुडाली नाही. बाजीराव शरण गेला तो जून १८१८ मध्ये, माल्कमकडे.

तेव्हा 'पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापले' हे वाक्य आपण व्यासपीठावरून बोलू नये. खऱ्या हकिकतीत जे शौर्य आहे त्याला वाढीव आकड्याची गरज नाही. उलट, 'परक्यांना फितूर झालेल्यांचा स्तंभ' हे वाक्य जे बोलतात त्यांना मला इतकेच विचारायचे आहे की बाजीरावासाठी लढलेले अरब कोणत्या देशभक्तीने लढत होते? १८१८ साली फौजेतली चाकरी हे पोट होते. ज्या राज्यात गावाच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्या राज्यावर निष्ठा ठेवली नाही हा गुन्हा ठरवायचा असेल, तर आरोपी कोण आणि फिर्यादी कोण हे आधी ठरवावे लागेल.

स्तंभाच्या अंगावर कंपनीच्या पडलेल्या ४९ शिपायांची नावे आहेत. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार. बाकीची मराठ्यांची, राजपुतांची, मुसलमानांची आहेत आणि बहुधा बेने इस्रायलींचीही. कोणाला मोठेपणा द्यावा म्हणून इंग्रजांनी ही नावे कोरली नाहीत. चाकरी इमानाने केलीत तर सरकार विसरत नाही, हे पुढच्या भरतीला दिसावे म्हणून ती कोरली. हेतू काहीही असो, परिणाम मोठा झाला. गावात ज्याचे नाव पाटलाच्या दप्तरात बलुत्यापुरते होते, त्याचे नाव सरकारने उघड्या माळावर, मराठ्याच्या आणि रजपुताच्या नावाबरोबर, एकाच दगडावर लिहिले.

आणि मग तेच सरकार विसरले. १८९० नंतरच्या काही वर्षांत लढाऊ जातींचा सिद्धांत पुढे आला आणि महारांची लष्करभरती बंद झाली. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी पुढे १९१० मध्ये अर्ज केला. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभारली. युद्ध संपल्यावर ती मोडून टाकली. रोमच्या सहायक शिपायाला पंचवीस वर्षांनी काशाचा पत्रा मिळत होता. कोरेगावच्या शिपायाच्या नातवाला दरवाजा बंद मिळाला. सुभेदार रामजी सकपाळांच्या मुलाला या विश्वासघाताची पुरती जाणीव होती. 'अनटचेबल्स अँड द पॅक्स ब्रिटानिका' या लेखात बाबासाहेबांनी हाच हिशेब मांडला आहे: हे राज्य मिळवायला अस्पृश्यांनी हात दिला, आणि राज्याने त्यांना काय दिले? पॅक्स ब्रिटानिका म्हणजे ब्रिटिशांची शांतता; हा शब्दप्रयोगही रोमच्या शांततेवरून घेतलेला आहे.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब या स्तंभापाशी गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचे चवदार तळे आणि डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. इंग्रजांचा जयजयकार करण्यासाठी गेलेला माणूस तीन महिन्यांनी तळ्यावर जात नाही. तुमच्याच जिल्ह्यातली कथा सांगतो. नरसीचे नामदेव औंढ्याला नागनाथापुढे कीर्तन करू लागले, तेव्हा त्यांना देवळाच्या मागे हाकलले. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पेरण्याच्या स्तंभाचे तसेच काही झाले. कॅप्टन स्टॉन्टनकडे तोंड करून उभा केलेला दगड १९२७ मध्ये त्या बावीस नावांकडे फिरला. स्टॉन्टन कोण, हे आज तिथे जमणाऱ्या लाखो माणसांपैकी किती जण सांगू शकतील?

आमच्या चळवळीतल्या जुन्या मंडळींना साम्राज्यशाही पटकन दिसते आणि जात उशिरा दिसते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. या प्रांतात हे बोलणे भाग आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, आणि त्या एका नावावरून मराठवाड्यातील दलितांची घरे पेटली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत साडेपंधरा वर्षे लोटली. कमानीवर एक नाव कोरायला इतका काळ आणि इतकी राख लागत असेल, तर त्या स्तंभावर कोरलेली बावीस नावे पाहण्यासाठी माणसे रात्रभर प्रवास का करतात, याचे उत्तर वेगळे शोधायला नको.

उलट बाजूही पाहा. कोरेगावनंतर एका वर्षाने, जानेवारी १८१९ मध्ये, आपल्या शेजारी उमरखेड-हदगावच्या मुलखात हटकर नाईक नौसाजी याची गढी निजामाच्या नावाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत लढणाऱ्या फौजेने वेढा घालून घेतली. इंग्रजी दप्तरात ती 'नोवा' म्हणून नोंदली आहे, आणि त्या पलटणींच्या निशाणांवर ते नाव मानाने चढले. हिंगोलीची छावणी याच फौजेची. त्या गढीच्या आत आणि बाहेर पडलेल्यांची नावे कोणत्या दगडावर आहेत? वाशीम-नांदेडच्या वाटेवरून आपण आयुष्यभर जातो-येतो आणि त्यांच्याविषयी एक वाक्य बोलत नाही.

तर माझे उत्तर: जावे. २०१८ च्या १ जानेवारीला तिथे जाणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर तर आपण न जाणे म्हणजे बाजू घेणेच आहे. पण जाताना पक्षाचा झेंडा नेऊ नका. तो सोहळा दुसऱ्यांनी, आपल्या मदतीवाचून, शंभर वर्षे जिवंत ठेवला आहे. तिथे आपण पाहुणे. गाडीभाडे आपापले द्यावे, रांगेत उभे राहावे, भाषणाची संधी मागू नये. वही-पेन्सिल जवळ ठेवा आणि गर्दीतून जमेल तितकी नावे उतरवून घ्या, फक्त 'नाक' असलेली नव्हे, सगळी. तो प्रत्यय आज कोणाच्या नावात सहसा ऐकू येत नाही. तो कधी गेला, कोणी आणि का टाकला, हे परतीच्या वाटेवर गाडीतल्या वयस्क माणसांना विचारा. नगर ते हिंगोली रस्ता लांबचा आहे. बोलायला वेळ पुष्कळ मिळेल.