उपिटाला एक लाख डॉलर
(आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण)



हल्ली आपल्या लिफ्टमध्ये एक वाक्य वरचेवर कानावर येतं, "एवढं इंजिनिअर केलं, आणि आता म्हणतो केक करणार!" म्हणून आज फ्लॉइड कार्डोझ यांच्याबद्दल बोलतो. नाव अनोळखी वाटेल, पण माणूस आपल्याकडचाच. कुटुंब मूळ गोव्याचं, जन्म मुंबईचा, १९६० सालचा.

कार्डोझ जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी. आर्थर हेली यांची 'हॉटेल' ही कादंबरी वाचली आणि डोक्यात स्वयंपाकघर शिरलं. विज्ञान शिकलेला मुलगा 'आचारी' व्हायचं म्हणतो, हे त्या काळात कसं वाटायचं ते आपल्या पिढीला सांगायला नको. मुंबईत आणि मग स्वित्झर्लंडमध्ये हॉटेलचं शिक्षण घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. 'लेस्पिनास' या बड्या रेस्टॉरंटमध्ये ग्रे कुन्झ यांच्या हाताखाली राबत वर चढले. परक्या देशातल्या भटारखान्यात तुमची बी.एस्सी. कोण विचारतो? कांदा कसा चिरता, ते बघतात.

१९९८ मध्ये डॅनी मायर या व्यावसायिकाबरोबर त्यांनी मॅनहॅटनमध्ये 'तबला' सुरू केलं. तिकडे भारतीय जेवण म्हणजे स्वस्तातली करी अन् नान, अशी समजूत. कार्डोझ यांनी तिथलेच मासे, तिथल्याच भाज्या घेतल्या आणि त्यांना आपले मसाले लावले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तीन तारे दिले. बारा वर्षं चालून २०१० अखेर 'तबला' बंद झालं. मी आयुष्यभर कर्जाच्या फायली चाळल्या. दुकान बंद म्हणजे माणूस संपला, असा शेरा आम्ही बँकवाले चटकन मारतो. इथे तो साफ खोटा ठरला असता.

कारण पुढच्याच वर्षी 'टॉप शेफ मास्टर्स' ही अमेरिकन टीव्हीवरची स्पर्धा त्यांनी जिंकली. समोर एकाहून एक कसलेले शेफ. आणि अंतिम फेरीत या गृहस्थांनी काय ठेवलं? उपीट! पाहुणे अचानक आले की आपण ज्यावर वेळ मारून नेतो ते. त्यात रानटी मशरूम, बरोबर कोकम आणि नारळाचं दूध. म्हणजे आपली सोलकढीच की हो! बक्षीस एक लाख डॉलर. ते त्यांनी कर्करोग संशोधनाला दिले.

मला त्या रकमेपेक्षा हिंमत मोठी वाटते. आपण घरी कुणी बडा माणूस येणार म्हटलं की उपीट लपवतो आणि पनीर मागवतो.

पुढे ते इकडेही आले. २०१५ मध्ये भागीदारांबरोबर लोअर परळला 'बॉम्बे कँटीन', मग गोव्याच्या चवींचं 'ओ पेद्रो', आणि २०२० मध्ये भायखळ्याला मिठाईचं दुकान. त्या मार्चमध्ये कँटीनच्या पाचव्या वाढदिवसाला मुंबईत येऊन ते अमेरिकेला परतले. २५ मार्चला न्यू जर्सीच्या रुग्णालयात कोरोनाने गेले. वय ५९. आपल्याकडे तो टाळेबंदीचा पहिला दिवस होता. आपण सगळे दारं लावून घरात बसलो होतो, आणि दुधाची पिशवी आधी धुवायची की उकळायची यावर वाद घालत होतो.